सम्राटचं पुण्यस्मरण

भन्तेजींची गाडी श्रीरामपूरहून निघाल्याचा फोन नऊला आला आणि त्यानंतर दहाच मिनिटांत आबासाहेब दारात येऊन उभे राहिले. मंडपात सतरंज्या टाकायचं काम चाललं होतं. कार्यक्रम अकराचा. इतक्या लवकर पाहुणे येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि आले तेही पाहुण्यांसारखे आले नव्हते. आबासाहेबांच्या काखेत दवाखान्याची फाईल होती. त्यांचा मुलगा तुषार मागे मोटारसायकलपाशीच घुटमळत होता.

रश्मी ओट्यावर बसून थोरल्या भावाच्या, सम्राटच्या फोटोची काच पुसत होती. ती उठली.

"या आबा. लवकर आलात."

"कार्यक्रमाला न्हाई आलो, डॉक्टरबाई. इचारायला आलोय. तुमी हायेत ते बरं झालं. तुमच्यासमोरच हुंद्या."

आबासाहेब म्हणजे प्रज्ञाचे सासरे. रश्मीची धाकटी बहीण सुजाता, तिची ही एकुलती एक मुलगी. राहात्याजवळ आबासाहेबांची पेरूची बाग होती आणि प्रज्ञाच्या लग्नात मानपान नको म्हणणारा माणूस म्हणून रश्मीच्या वडिलांच्या, म्हणजे संसाऱ्यांच्या घरात त्यांना फार मान होता. त्यांचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. वर चढलेला नव्हता तो, फक्त त्यात ओल उरली नव्हती.

सुजाता स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिची नजर आधी फाईलवर गेली आणि ती जागीच थांबली. रश्मीच्या लक्षात आलं, हिला माहीत आहे. प्रज्ञा चार दिवसांपूर्वी माहेरी आली ती आठव्या महिन्यात विश्रांती हवी म्हणून, असं सुजातानं सगळ्यांना सांगितलं होतं. मामाच्या पुण्यस्मरणाला म्हणून आज ती लेकीला इथे राहुरीला घेऊन आली होती. सुजाताचा नवरा एसटीवर ड्रायव्हर. त्याची ड्यूटी दुपारी सुटणार होती, म्हणजे जे काही होणार होतं ते त्याच्या माघारी होणार होतं.

"आत चला," रश्मी म्हणाली.

मधल्या खोलीत खाटेवर बसून तिनं फाईल उघडली. नाव, वय पंचवीस, आठवा महिना. बाळंतपणासाठी नाव नोंदवताना केलेल्या तपासण्यांची यादी, आणि त्यात एका ओळीखाली लाल रेघ. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह. ही अक्षरं तिनं आयुष्यात काही हजार वेळा वाचली असतील. पुण्याच्या संशोधन संस्थेत गेली सोळा वर्षं ती याच एका विषाणूच्या मागे होती. तो माणसाच्या यकृतात शिरतो, गप्प बसतो, आणि वीस-तीस वर्षांनी कधी तरी त्या यकृताचा दगड का होऊन बसतो, आणि काहींचा का होत नाही. परदेशातल्या परिषदांत तिनं त्यावर निबंध वाचले होते. पण आज ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"तुषारचं बी रगत तपासलं," आबासाहेब म्हणाले. "त्याच्यात काय न्हाई. मी न् त्याची आई, आमच्यात बी न्हाई. मग हिच्यात कुठनं आलं? तिथल्या डॉक्टरनं इचारलं, आधी कुणाशी..." ते थांबले. तेवढं तोंडानं म्हणणं त्यांना जमलं नाही. "रगतातनं नाय तर तसल्या संबंधातनं येतं म्हनला. रगत तर तिला कधी चढवलं न्हाई."

दारात प्रज्ञा उभी होती. एक हात पोटावर, दुसरा चौकटीवर. ती रडत नव्हती. चार दिवसांत तिचं रडून झालेलं होतं.

"मावशी, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग? यांना सांग."

तेवढ्यात रश्मीचे वडील भाऊसाहेब आत आले. एकोणऐंशी वर्षांचं वय, पांढरा स्वच्छ सदरा, खिशात चार घड्या घातलेला भाषणाचा कागद. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत पस्तीस वर्षं त्यांनी कलमं बांधली होती आणि निवृत्तीनंतर व्यसनमुक्तीचं काम हाती घेतलं होतं. सम्राट गेल्यापासून तर त्यांनी स्वतःला त्यात पुरतं झोकून दिलं होतं. वर्षभरात एकवीस गावांत भाषणं झाली आणि प्रत्येक भाषण एकाच वाक्यानं सुरू होई: माझा मुलगा दारूनं मेला. लोक गप्प होत. काही ठिकाणी बाया रडत. सम्राटची बायको शुभांगी, जिला मूलबाळ नव्हतं आणि जी नवरा गेल्यावर सासरीच राहिली होती, ती पहिल्या रांगेत बसलेली असे. भाऊसाहेब तिला सोबत नेत. का नेत, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

सगळं ऐकून घेतल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "आबा, आज माझ्या मुलाचं पहिलं पुण्यस्मरण आहे. दीडशे माणसं येणार आहेत. कार्यक्रम होऊ द्या, मग बसू आपण."

"बसतो की. कार्यक्रम हुईस्तवर बसतो. पण निघताना आमाला उत्तर पायजे. उत्तर न्हाई मिळालं तर पोरगी हितंच राहील, दादा. आमी दोघंच जाऊ."

"हे जन्मतः आलंय," रश्मी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"प्रज्ञानं काही केलेलं नाही. आई होणाऱ्या बाईच्या रक्तात हा विषाणू असेल तर बाळंतपणात तो बाळाला लागतो. बाळाला तेव्हा काही होत नाही, पण तो अंगात राहतो. प्रज्ञाला तो जन्मापासून आहे."

"म्हंजे कुनाकडनं?" आबासाहेबांनी विचारलं.

उत्तराची गरज नव्हती. सगळ्यांची मान सुजाताकडे वळलेली होती. सुजाताचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तापला.

"माझ्याकडून? ताई, मला काय झालंय गं? आजवर साधी सलाईन लागली नाही मला. आज पोरीवरचं उचलून माझ्यावर घालतेस, तेही पाहुण्यांच्या देखत?"

"दोनदा म्हटलं होतं तुला, पुण्याला ये, रक्त तपासू."

"कशासाठी ते कुठं सांगितलंस? नुसतं ये म्हणालीस." सुजाता दोन पावलं पुढे आली. "आणि माझ्यात असेल तर मला कुठून आलं? ते सांग ना. मी पण काही केलेलं नाही."

तोच प्रश्न एक पायरी वर चढून उभा राहिला होता, आणि आता एकच पायरी शिल्लक होती. रश्मीनं फाईल मिटली. बाहेर मंडपात भागिरथीबाई, तिची आई, कुणाला तरी मेणबत्त्या कुठे लावायच्या ते सांगत होती. तिचा आवाज आतपर्यंत येत होता.

"कार्यक्रम झाल्यावर सांगते," रश्मी म्हणाली आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

परसात लिंबाच्या झाडाखाली पाण्याची टाकी होती. तिथे उभी राहून तिनं तोंडावर पाणी मारलं. मंडप भरत आला तरी ती तिथून हलली नाही. गेल्या वर्षी याच आठवड्यात पुण्याच्या वॉर्डात सम्राट तिच्यासमोर पडलेला होता. पोट टम्म, डोळे हळदीसारखे, हातापायांच्या नुसत्या काड्या. श्रीरामपूरच्या एसटी डेपोत इंजिन खोलून पुन्हा जोडणारे ते हात. तो कधीकाळी प्यायचा, हे खरं होतं. सात-आठ वर्षं चांगलाच प्यायला. भाऊसाहेबांनी त्याला घराबाहेर काढलं तेही खरं. पण त्यानंतर त्यानं सोडली होती, अकरा वर्षं थेंबाला शिवला नव्हता, आणि त्याचं पोट फुगू लागलं तेव्हा घरातल्या एकानंही त्यावर विश्वास ठेवला नव्हता. रश्मीनंही नाही. यकृताची डॉक्टर असलेल्या सख्ख्या बहिणीनं त्याला फोनवर विचारलं होतं, भाऊ, खरं सांग, अजून घेतोस का? तो नुसता हसला होता. एक साधी रक्ताची चाचणी करायला सांगावं हे तिला सुचलं नव्हतं. ते सुचलं तो पुण्याला आला तेव्हा, आणि तेव्हा यकृतात गाठ झालेली होती.

रिपोर्ट आल्यावर तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं यंत्राची माहिती ऐकावी तसं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे आईपासून आलं?"

"बहुतेक."

"तिला सांगू नकोस. दारूनं गेला म्हणू दे सगळ्यांना. प्यायलो तर होतोच की मी."

आठव्या दिवशी तो गेला. महिनाभरानं रश्मीनं शुगर बघायची म्हणून आईचं रक्त नेलं. विषाणू होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या यकृताला त्यानं धक्कासुद्धा लावला नव्हता. शुभांगीला नवऱ्याकडून लागून तो आपसूक निघूनही गेला होता. रश्मी स्वतः तर मुळातच सुटली होती. तिघा भावंडांत ती का सुटली, याला तिच्या शास्त्रात उत्तर होतं ते फक्त आकड्यांत. सुजाताला ती दोनदा बोलली, पण कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार, म्हणून तिनं रेटलं नाही. वर्ष होऊ दे, मग बघू, असं तिनं ठरवलं होतं. या दिरंगाईला काय म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या डॉक्टरनं असं केलं असतं तर तिनं त्याला जाब विचारला असता.

"ताई."

शुभांगी मागे येऊन उभी होती. हातात ताटांची चळत होती, ती तिनं टाकीच्या कठड्यावर ठेवली.

"मी दाराआड होते. ऐकलं सगळं," ती म्हणाली. "मागं तुम्ही माझं रक्त नेलं होतं. तुला काविळीचं इन्फेक्शन होऊन गेलंय, आता काळजी नाही, असं म्हणाला होतात. तेव्हा मी काही विचारलं नाही. आज विचारते. ते दारूनं गेले का?"

रश्मीला खोटं बोलता आलं नाही. "दारूनं थोडी भर घातली असेल. पण सोडल्यावर यकृत सावरतं, वहिनी. त्याचं सावरलं नाही ते यामुळे."

"आणि तुम्हाला वर्षभर माहीत होतं."

"त्यानं वचन घेतलं होतं माझ्याकडून. आईसाठी."

शुभांगीनं मान हलवली. राग आलेला माणूस हलवतो तशी नाही, एखादी गोष्ट नीट बसली म्हणजे हलते तशी. "एकवीस गावं, ताई. लोक माझ्याकडं बघायचे. ही बेवड्याची बायको, हिनं आवरलं नाही त्याला. मी मान खाली घालून बसायचे. अकरा वर्षं मी त्यांच्या तोंडाचा वास घेत जागले. एक दिवस आला नाही. तरी मलाच वाटायचं, डेपोत तर घेत नसतील?" तिनं ताटांची चळत सरळ केली. "नवऱ्यावर संशय घेऊन त्याला पोचवलं मी. आता मामंजी पुन्हा उभे राहतील, पुन्हा तेच वाक्य म्हणतील. वचन तुमच्याकडून घेतलं होतं. माझ्याकडून नाही घेतलं."

"वहिनी, दहा मिनिटं दे. आईला आधी मी सांगते. तिला हे दीडशे माणसांत कळायला नको."

मंडपातून त्रिसरणाचे स्वर यायला लागले होते. शुभांगीनं ताटं उचलली.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

भन्तेजी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे बसले होते. शेजारी सम्राटचा खाकीतला फोटो. माणसं हात जोडून मागून म्हणत होती. पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि भाऊसाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर निघाला. तो दर वेळी या शीलाला असाच निघे. रश्मी वाकून पुढच्या रांगेत गेली आणि आईच्या कानाशी लागली. "आई, तुझं बीपी बघायचंय. आत चल."

"आत्ता?"

"आत्ताच."

भागिरथीबाई पांढरी साडी सावरत उठल्या. मधल्या खोलीत येऊन खाटेवर बसल्या आणि दंड पुढे केला. रश्मीनं दार लावलं, मशीन काढलं नाही. आईच्या पुढ्यात फरशीवर बसली. तिनं हे शेकडो घरांतल्या बायांना सांगितलं होतं, पायरी पायरीनं, साध्या शब्दांत, समोरच्याला धीर येईल असं. आज त्यातली एकही पायरी तिला आठवेना. जसं आलं तसं तिनं सांगितलं. प्रज्ञाचं, सुजाताचं, मग सम्राटचं, आणि शेवटी शुगरच्या नावाखाली नेलेल्या रक्ताचं.

भागिरथीबाई ऐकत होत्या. दंड अजून तसाच पुढे धरलेला होता.

"माझ्या माईचं पोट असंच फुगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी धा वरसांची आसंल. गाव म्हनायचं करणी झाली. माझा धाकटा भाऊ हनुमंता, त्यो बी तसाच गेला. त्यानं तर दारू कशी आसती ते बघितलं न्हवतं." त्यांनी दंड खाली घेतला. "म्हंजे मीच दिलं म्हन की."

"तू दिलं नाहीस, आई. तुला कळायला काही मार्गच नव्हता. तुझ्याकडून गेलं, एवढंच."

"त्येच म्हनते मी."

रश्मीनं तिचा हात धरला.

"सम्राटला ठावं व्हतं?"

"शेवटचे आठ दिवस."

"आन् त्यो काय म्हनला?"

"तुला सांगू नको म्हणाला. दारूनं गेला म्हणू दे म्हणाला."

भागिरथीबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तो तिथेच दाबून धरला. अंग हललं नाही, आवाज आला नाही. बाहेर भन्तेजींचं प्रवचन संपत आलं होतं. त्यांनी पदर खाली घेतला.

"माझ्यासाठी माझं लेकरू बेवडा म्हनून मेलं," त्या म्हणाल्या. मग एकदम दुसऱ्याच आवाजात विचारलं, "प्रज्ञाच्या लेकराला वाचवता येतं?"

"येतं. प्रज्ञाला गोळ्या चालू करायच्या, आणि बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत त्याला दोन इंजेक्शनं द्यायची. शंभरातली पंच्याण्णव मुलं सुटतात."

"बारा तास."

"हो."

"मग तू वरीसभर गप बसून काय केलं?"

रश्मीनं मान खाली घातली.

"माझं मन राखलं," भागिरथीबाई म्हणाल्या. "माझं मन राखाया निघाली दोगं भावंडं, आन् तिकडं त्या पोरीचं नाव खराब झालं. तिनं दवाखान्यात नाव घालायला आजून महिना लावला आस्ता तर? लेकराला कुनी दिली आसती ती विंजेक्शनं?" त्या उठल्या. "त्वा लई शिकलीस, रश्मे. पन आईला काय सोसतं न् काय न्हाई, ह्ये तुला कुनी शिकवलं न्हाई."

बाहेर माईक खरखरला आणि भाऊसाहेबांचा आवाज आला. "बंधू-भगिनींनो, जय भीम. आज ज्याच्या स्मरणासाठी आपण जमलो, तो माझा मुलगा..."

भागिरथीबाईंनी दार उघडलं. मंडपाच्या कडेला शुभांगी उभी होती, पुढे जायच्या तयारीत. सासूनं तिच्या हाताला धरलं आणि तिला सोबत घेतलं. दोघी भाऊसाहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमी खाली बसा," भागिरथीबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना वाटलं, हिला चक्कर आली. "काय होतंय?"

"मला काय हुत न्हाई. बसा तुमी."

पंचावन्न वर्षांच्या संसारात ती असं चारचौघांत कधी बोलली नव्हती. भाऊसाहेब बसले नाहीत, पण माईक खाली आला. भागिरथीबाईंनी तो घेतला नाही. त्यांना त्याची सवय नव्हती. त्या मंडपाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि शेतात हाक मारावी तशा मोठ्यानं बोलल्या.

"माझा सम्राट दारूनं गेला न्हाई. त्याच्या रगतात जंतू व्हता. त्यो माझ्या पोटातनं त्याला लागला. माझ्यात हाय, सुजाताला बी आसंल, आन् तिच्या प्रज्ञाला आजच्या कागदावर निघालाय. मला माझ्या माईकडनं आला. ह्यात कुनाचं पाप न्हाई, कुनाची चाल वाईट न्हाई. माझी लेक डाक्टर हाय, तिला इचारा. सम्राटनं ह्ये लपवलं ते मला दुख हू न्हाई म्हनून. त्यानं अकरा वरसं सोडली व्हती. ह्या बाईला ठावं हाय." त्यांनी शुभांगीचा हात वर केला. "आमी कुनी तिचं ऐकलं न्हाई."

भाऊसाहेब उभेच होते. त्यांच्या हातातल्या कागदाच्या घड्या उलगडल्या होत्या.

मागच्या रांगेतून आबासाहेब उठले. फाईल अजून त्यांच्याकडेच होती. "डॉक्टरबाई, आमच्या लेकराला हुईल का ह्ये?"

रश्मी पुढे आली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गोळ्या, बारा तास, दोन इंजेक्शनं. तुषारनं लस घ्यायची. एका ताटात जेवल्यानं, जवळ बसल्यानं, लेकरू कडेवर घेतल्यानं हा लागत नाही. आईनं दूध पाजायलाही हरकत नाही. तिचं बोलणं संपलं तेव्हा आबासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते प्रज्ञासमोर जाऊन उभे राहिले.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले.

प्रज्ञानं त्यांच्याकडे बघून मान हलवली. मग मागे उभ्या तुषारकडे बघितलं. "आबांनी निदान येऊन विचारलं तरी," ती म्हणाली. "तुम्ही चार दिवस माझा फोन उचलला नाही."

तुषार तिच्यापासून हातभर अंतर ठेवून सतरंजीवर बसला, आणि जेवणं उठेपर्यंत तिथून हलला नाही.

दुपारी पाहुणे पांगले तेव्हा रश्मीनं गाडीतून रक्त घ्यायची पेटी आणली. भागिरथीबाई सगळ्यांत आधी खुर्चीत बसल्या.

"तुझं एकदा नेलंय, आई."

"ते लबाडी करून नेलं व्हतं. आता सांगून ने. ह्यो माझ्यात इतकी वरसं निजून ऱ्हायला, आन् माझ्या लेकरात का उठला, ते घावलं का तुला?"

"नाही अजून."

"मग घे लागंल तेवढं."

तिच्यानंतर सुजाता आली. तिनं बाही वर केली, पण रश्मीकडे बघितलं नाही. सुई निघाल्यावर कापूस दाबत म्हणाली, "मला तू आधी सांगायला पाहिजे होतं. आईला नाही तर नाही, मला तरी." रश्मी हो म्हणाली. ते बोलणं पुढे कित्येक महिने तिथेच अडून राहिलं.

भाऊसाहेब रिकाम्या मंडपात एका खुर्चीवर बसले होते. शुभांगी ताटं गोळा करत होती. ती जवळून गेली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सूनबाई. मला माफ कर."

शुभांगी थांबली. "मला कशाला म्हणता, मामंजी? मी तर तेव्हाही सांगत होते. ज्या गावांनी ऐकलं त्यांना सांगा."

"एकवीस गावं आहेत."

"माहीत आहे. मी मोजलीयत."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. "तू येशील का?" त्यांनी विचारलं. "समोर तू नसलीस तर मला बोलता यायचं नाही."

ती लगेच हो म्हणाली नाही. ताटं आत नेऊन ठेवली, हात धुतले, आणि सासऱ्याच्या जेवणाची वाट न बघता सासूशेजारी जेवायला बसली. पहिला घास घेतल्यावर तिथूनच म्हणाली, "रविवारी बघू."

प्रज्ञाचं बाळंतपण रश्मीनं पुण्यात करायचं ठरवलं, दोन्ही इंजेक्शनं हाताशी असावीत म्हणून. कार्यक्रमानंतर पंचविसाव्या दिवशी सकाळी दहाला मुलगी झाली. त्या वेळी भाऊसाहेब आणि शुभांगी सातव्या गावाला गेलेले होते. बाहेरच्या बाकावर आबासाहेब, तुषार, सुजाता आणि भागिरथीबाई बसले होते. नर्स बाळ दाखवायला घेऊन आली, सगळे उठले. भागिरथीबाई उठल्या नाहीत.

"दिली का?" त्यांनी रश्मीला विचारलं.

"दिली."

"दोनी?"

"दोन्ही. एकेका मांडीत एकेक. अर्ध्या तासाच्या आत दिली, आई."

सगळ्यांचं बघून झालं. बाळ आत न्यायची वेळ आली तेव्हा भागिरथीबाईंनी हात पुढे केले, आणि मग ते तसेच अर्ध्यात थांबवून मांडीवर परत ठेवले.

"मी घेतलं तर चालंल?"

रश्मीनं नर्सच्या हातून बाळ घेतलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. भागिरथीबाई क्षणभर ताठ बसून राहिल्या. मग त्यांचे हात आपोआप वळले, आणि त्यांनी पणतीला छातीशी घेतलं.